मेंटेनन्सवर टाकलंय म्हणजे करिअरची वाट लागली का?

घाटवळण

जून-जुलै आला की हा फोन ठरलेला. कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी पुतणी. नोकरी लागली, ट्रेनिंग झालं, आणि प्रोजेक्ट मिळालं ते सपोर्टचं. "दादा, मला मेंटेनन्सवर टाकलंय. काही करून डेव्हलपमेंटला जाता येईल का?" आवाज असा, जणू काळ्या पाण्यावर रवानगी झालीये. घरच्यांनाही तसंच वाटतं. शेजारच्यांचा मुलगा "नवीन प्रॉडक्ट बनवतो" आणि आपली मुलगी "जुनं दुरुस्त करते".

माझं मत बरोबर उलटं आहे, म्हणून हा धागा. कोड लिहायला कॉलेजात शिकता येतं, यूट्यूबवर शिकता येतं, आता तर एआय असिस्टंटच लिहून देतो. लिहिलेल्या कोडचं पुढे काय होतं, हे मात्र तो काही वर्षं चालल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपन्यांची पद्धत अशी की प्रोजेक्ट लाइव्ह गेलं, केटी दिली (पुढच्या टीमला काम समजावून दिलं), की माणूस पुढच्या अकाउंटवर. लिहिणाऱ्याला ते तुटताना दिसत नाही, आणि ज्याला दिसतं त्याने ते लिहिलेलं नसतं. म्हणून चांगली बारा-पंधरा वर्षं "डेव्हलपमेंट" केलेले लोक प्रत्येक प्रोजेक्टमध्ये त्याच चुका पेरत पुढे जातात. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

एक टिकीट, म्हणजे नोंदलेली तक्रार, जरा सविस्तर सांगतो. विमा क्षेत्रातलं काम, जावा, कंपनीचं नाव राहू द्या. डिसेंबर २०१९ चा शेवटचा आठवडा. तक्रार अशी की ३० डिसेंबरला काढलेल्या पावतीवर ३० डिसेंबर २०२० छापून येतंय. शनिवार २८ पर्यंतच्या पावत्या बरोबर, रविवार २९ पासूनच्या सगळ्या एक वर्ष पुढे.

टीममधल्या एका मुलाने तासाभरात पॅच आणला: महिना बारावा आणि तारीख २८ च्या पुढे असेल तर वर्षातून एक वजा करा. चालवून पाहिला, पावती बरोबर आली. क्लायंट फोनवर, मॅनेजर खुर्चीमागे उभा, डिप्लॉय करायला सगळे एका पायावर तयार. आमच्यातली एक सीनियर बाई तेवढी अडून बसली. हे का होतंय, ते आधी मला कुणीतरी सांगा.

तारखेच्या फॉरमॅटमध्ये वर्षासाठी चार स्मॉल वाय हवे होते, तिथे चार कॅपिटल वाय पडले होते. जावात स्मॉल वाय म्हणजे कॅलेंडरचं वर्ष. कॅपिटल वाय म्हणजे तो आठवडा ज्या वर्षाचा धरला जातो ते वर्ष. १ जानेवारी २०२० बुधवारी आली. अमेरिकी पद्धतीत आठवडा रविवारी सुरू होतो, म्हणून २९ डिसेंबरपासूनचा आख्खा आठवडा २०२० चा पहिला आठवडा ठरला. वर्षाचे बाकी जवळजवळ सगळे दिवस दोन्ही अक्षरं एकच उत्तर देतात. डेव्हलपरला दिसलं नाही, टेस्टरला दिसलं नाही, यूएटीत (स्वीकारण्याआधीच्या चाचणीत) क्लायंटलाही दिसलं नाही.

आता तो "वजा एक"चा पॅच बघा. १ जानेवारी २०२३ ला रविवार होता. म्हणजे २०२२ चे शेवटचे दिवस कॅपिटल वायनेही २०२२ मध्येच मोजले असते, आणि आमच्या पॅचने त्यातून इमानदारीत एक वजा करून पावतीवर २०२१ छापलं असतं. तोवर पॅच टाकणारा दुसऱ्या कंपनीत टीम लीड. आणि सर्व्हरचा लोकेल (देशानुसारचं सेटिंग) युरोपीय असता तर आठवडा सोमवारपासून धरला जाऊन गडबडीच्या तारखाही वेगळ्याच निघाल्या असत्या, म्हणजे शोधणाऱ्याचे आणखी हाल.

बाईंनी अक्षर बदलून फाइल बंद केली नाही. आख्ख्या रेपोत (कोडच्या साठ्यात) कॅपिटल वाय शोधायला लावला. रिपोर्टिंगमध्येही सापडला, आणि तिथे चुकीचं वर्ष जात होतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग पुढच्या-मागच्या बऱ्याच वर्षांच्या डिसेंबरअखेरच्या आणि जानेवारीच्या पहिल्या तारखा फिरवून बघणारी टेस्ट लिहून घेतली. कमिट मेसेजमध्ये (बदल साठवतानाच्या नोंदीत) "डेट इश्यू फिक्स्ड" चालणार नाही म्हणाल्या. काय दिसलं, कशामुळे, आणि वजा एक का केलं नाही, तिन्ही लिहायला लावलं. पोराचं तोंड उतरलं होतं, पण लिहिलं त्याने.

नव्या प्रोजेक्टवर हे कोण शिकवणार? तिथे डिसेंबर उजाडायच्या आत रिलीजची पार्टी होऊन टीम पांगलेली असते.

मंडळींनी आपापले अनुभव लिहा. विरोधी मतांचं स्वागत आहे, फक्त धागा पॅकेजवर नेऊ नका. (नेणारच आहात, माहितीये.)

सेमीकोलन

पॅकेजवरच नेतो. :)

लिहिलंय छान, पण दोन वेगळ्या गोष्टी एका पोत्यात भरल्यात. तुमच्या त्या मुलाला कोड बघायला तरी मिळत होता. सपोर्टवर टाकलेल्या अर्ध्या लोकांना रेपोचा ॲक्सेसच नसतो. रनबुक (ठरलेल्या पायऱ्यांची यादी) उघडा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, लॉग जोडा, टिकीट एसएलएच्या (करारातल्या मुदतीच्या) आत बंद करा, हँडओव्हर लिहा, रात्री अडीचच्या कॅबने घरी जा. यात कसलं आलंय कौशल्य? मी हे केलंय. त्यातून मी एवढंच शिकलो की रात्रपाळीनंतर भरल्या पोटी झोपू नये.

आणि बाजार काय विचारतो तेही बघा. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न, शून्यापासून काय बांधलंत? दुसरा, हे ट्री उलटं करून दाखवा. आठवड्याचं वर्ष मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. स्ट्रट्स वन या जुन्या जावा फ्रेमवर्कचा अधिकृत सपोर्ट २०१३ मध्येच संपला, तरी त्यावर आजही माणसं बसवलेली आहेत. ती माणसं कितीही मन लावून काम करत असली तरी रेझ्युमेत "स्ट्रट्स" दिसलं की समोरचा पान उलटतो. त्यात नव्वद दिवसांचा नोटीस पीरिअड.

तेव्हा भाच्याला सांगा: पहिली संधी मिळताच उडी मार.

घाटवळण

@सेमीकोलन, रनबुकवाला सपोर्ट आणि कोडवाला मेंटेनन्स यांत फरक केला पाहिजे, पूर्ण सहमत. पहिल्यातून शक्य तितक्या लवकर बाहेर पडावं. माझं म्हणणं दुसऱ्याबद्दल आहे. पोरं दोन्हींना सारखीच घाबरतात, तिथे घोटाळा होतो.

नाना_सिप्झ

आमची आख्खी पिढी मेंटेनन्सवरच उभी राहिली, हे आजच्या पोरांना कुणी सांगत नाही. १९९७-९८ ला मुंबईच्या सिप्झमध्ये दुसरं होतं काय? वायटूके, म्हणजे सन २००० ची तारखेची अडचण! अमेरिकन बँकांचा कोबॉल भाषेतला जुना कोड, लिहिणारे केव्हाच रिटायर झालेले, कागदपत्रं असतील-नसतील.

बाहेरून लोकांना वाटायचं, दोन आकड्यांचं वर्ष चार आकडी करायचं, त्यात काय एवढं. पण रेकॉर्डमध्ये दोन बाइट वाढवले की फाइलची लांबी बदलते, आणि लांबी बदलली की ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम, प्रत्येक सॉर्ट, प्रत्येक रिपोर्ट बदलावा लागतो. म्हणून खूप ठिकाणी विंडोइंग केलं. ०० ते ४९ आलं तर पुढे २० लावा, ५० ते ९९ आलं तर १९.

आता खरी मेख ऐका. ही विंडो ठेवीच्या मुदतीला ठीक. तीच जन्मतारखेला लावली की १९२३ साली जन्मलेल्या आजीबाई २०२३ साली जन्माला येतात! म्हणजे प्रत्येक तारखेचा अर्थ काय, हे समजल्याशिवाय हात लावायची सोय नाही. आणि नावं कशी, तर डब्ल्यूएस-डीटी-१, डब्ल्यूएस-डीटी-२. यातली जन्माची कुठली आणि मुदतीची कुठली? मग लिस्टिंग छापून घ्यायचं, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा तो लांबलचक कागद टेबलावर पसरायचा, आणि पेन्सिल घेऊन ते व्हेरिएबल कुठून कुठे जातंय त्याचा माग काढत बसायचं. मशीनटाइम मोजून मिळायचा, त्यामुळे चालवून बघण्याआधी वाचून खात्री करायची सवय लागली. ती सवय पुढे सी आलं, जावा आलं, तरी गेली नाही. व्हेरिएबलला नाव देताना माझा हात अजून थबकतो.

सेमीकोलनराव म्हणतात तो बाजार तेव्हाही होताच. वायटूकेवाले म्हणून आम्हालाही २००० नंतर नाकं मुरडली गेली. ज्यांनी फक्त शोध-आणि-बदला केलं होतं त्यांचे हाल झाले. ज्यांनी त्या निमित्ताने बँकेचं काम समजून घेतलं, ते नंतर त्याच बँकांची नवी सिस्टिम बांधायला बसले.

आणि बाळांनो, तुमचा वायटूके पुढेच आहे. १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजणारा काउंटर तिथे भरतो, आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतो.

खोडरबर

नाना, साष्टांग. ८:४४ म्हणजे नाश्त्याची वेळ. त्या दिवशीचा स्टँडअप रद्द समजावा का?

(आजीबाई २०२३ मध्ये जन्मल्या हे वाचून फुटलो.)

मृदुला_र

नानांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

मी सध्या म्युनिकमध्ये, त्याआधी बरीच वर्षं पुण्यात. घाटवळण यांचा मुद्दा मला रिव्ह्यूच्या बाजूने दिसतो. पुण्यात आमच्याकडे कोड रिव्ह्यू म्हणजे एक्सेलची चेकलिस्ट. हेडर कॉमेंट आहे का, हो. इंडेंटेशन ठीक आहे का, हो. हजार ओळींचा डिफ दोन मिनिटांत मंजूर. आणि आर्किटेक्टच्या कोडवर तर कुणी बोलायचंच नाही. फारच धीर केला तर "सर, तुमचं बरोबरच असेल, पण मला एक समजलं नाही" अशी सुरुवात.

इथे पहिल्या महिन्यात माझा पीआर (तपासून घ्यायला पाठवलेला बदल) तीनदा परत आला. शेरे लागट नव्हते, पण मला ते लागले हे खरं. एक शेरा असा होता की या कमिटमध्ये फंक्शनचं नावही बदललंय आणि वागणूकही बदललीये, तर कृपया दोन वेगळे कमिट करा. मला वाटलं हा किस काढणं झालं. मग एकदा प्रॉडक्शनमध्ये व्याजाची गणना बिघडली आणि बायसेक्ट (जुने कमिट निम्मे-निम्मे करत तपासणं) चालवून दोषी कमिट शोधायचा होता. तो सापडला, आणि तो सहा ओळींचा होता. नावबदल त्यात मिसळलेला असता तर दोनशे ओळींतून त्या सहा शोधाव्या लागल्या असत्या. त्यानंतर वाद घातला नाही.

इथे सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही हं. व्हेरिएबलच्या नावावरून इथेही तासन् तास भांडणं होतात, आणि जर्मन लोक भांडताना घड्याळही बघत नाहीत. फरक इतकाच की नुकती लागलेली ट्रेनी मुख्य आर्किटेक्टच्या पीआरवर प्रश्न विचारते आणि त्याला उत्तर द्यावं लागतं.

मेंटेनन्स कमी प्रतीचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी एसक्यूलाइट (एक डेटाबेस) बघावं. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये ते आहेच. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलं आणि अजून तेच बघतात. मूळ कोडच्या सुमारे ५९० पट टेस्टचा कोड आहे. २०५० पर्यंत सांभाळू असं त्यांनी लिहून ठेवलंय. हा माणूस एका अर्थी पाव शतक मेंटेनन्सवरच आहे की.

बेंचवरचा

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. मी डिलिव्हरी मॅनेजर.

वर कुणीच पैशाचा हिशेब मांडला नाही, म्हणून मांडतो. टी अँड एम करारात क्लायंट माणसांच्या तासांचे पैसे देतो. समजा तुम्ही जीव तोडून मूळ कारणं दुरुस्त केलीत आणि टिकिटं निम्म्यावर आली. पुढच्या तिमाहीत क्लायंट म्हणतो, सहा जण कशाला, चार पुरे. झाले दोन बेंचवर (बिनकामाचे), आणि माझं युटिलायझेशन (बिल होणाऱ्या माणसांचं प्रमाण) खाली. थोडक्यात, चांगलं काम केल्याची शिक्षा. फिक्स्ड बिडमध्ये (ठरलेल्या रकमेच्या करारात) उलटं असायला हवं, पण तिथे वॉरंटी पीरिअडपुरतीच काळजी. त्यानंतर तुटलं तर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे नवं बिल. मॅनेजर वाईट असतात म्हणून कोड कुजतो असं नाही. करारच तसा असतो.

यातून वाट काढायची माझी पद्धत सांगतो. एस्टिमेटमध्ये "रिफॅक्टरिंग" असा वेगळा रकाना दिसला की वाटाघाटीत तो पहिला कापला जातो. मी तो रकाना ठेवतच नाही. ज्या फाइलला हात लावायचाय तिची टेस्ट आणि साफसफाई हा त्या कामाचाच भाग, तासही त्यातच. प्लंबर बिलात "गळती थांबवल्यावर फरशी पुसणे" असं वेगळं लावतो का?

मृदुला_र

@बेंचवरचा, प्रामाणिक लिहिलंत त्याबद्दल आभार, पण मला ही लपवाछपवी पटत नाही. क्लायंटला न सांगता केलेली साफसफाई पुढचा मॅनेजर आला की पहिल्या आठवड्यात बंद पडते, कारण ती कुठे नोंदलेलीच नाही. आमच्याकडे महिन्याला फुटणाऱ्या गोष्टींचा आलेख क्लायंटसमोर ठेवतात आणि वेळ मागून घेतात.

बेंचवरचा

ताई, तुमचा क्लायंट आणि कोड लिहिणारे एकाच इमारतीत बसतात. माझा क्लायंट ओहायोत, त्याचा परचेस विभाग तिसऱ्याच राज्यात, आणि रेट कार्डवर सही करणाऱ्याने कोड जन्मात पाहिलेला नाही. आलेख दाखवला होता. "मग आधीच नीट का नाही लिहिलंत?" हा प्रश्न आला.

अक्षता_नवी

मी या वर्षीच लागलेय, आणि हो, मेंटेनन्सवरच. धागा वाचून धीर आला, पण माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या टीममध्ये कोड असिस्टंटच लिहितो. आम्ही टॅब दाबतो, थोडं इकडेतिकडे करतो, टेस्टही त्यालाच लिहायला सांगतो. सीनियर म्हणतात वेग महत्त्वाचा. मग आम्ही नेमकं शिकायचं काय आणि कधी?

शून्यसूचक

@अक्षता_नवी, नुकताच घडलेला प्रकार सांगतो, त्यातून बघा काय घेता येतं ते.

आमच्याकडे रक्कम लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन छापायची होती, म्हणजे १२,३४,५६७. असिस्टंटने जावाच्या, आकडे छापणाऱ्या डेसिमलफॉरमॅटला पॅटर्न दिला: #,##,###. दिसायला इतका भारतीय की रिव्ह्यूत दोघांनी डोळे झाकून पास केला. टेस्टही त्यानेच लिहिली होती, ९९,९९९ या रकमेवर, ती हिरवी. प्रॉडक्शनमध्ये पहिली मोठी रक्कम आली आणि छापलं गेलं १,२३४,५६७.

कारण डेसिमलफॉरमॅट पॅटर्नमधला फक्त शेवटचा स्वल्पविराम बघतो. त्याच्या उजवीकडे तीन जागा, म्हणून सगळीकडे तीन-तीनचे गट. आधीचे स्वल्पविराम तुम्ही कुठेही द्या, तो ढुंकून बघत नाही. आणि हे काही गुपित नाही, जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये उदाहरणासकट लिहिलंय. लाखाची पद्धत हवी तर आयसीयू नावाची वेगळी कोड लायब्ररी घ्यायची.

९९,९९९ ही रक्कम बघा. दोन्ही पद्धतींत ती सारखीच दिसते, म्हणजे नेमका जो फरक तपासायचा होता तोच त्या टेस्टमध्ये नाही. एक लाख टाकलं असतं तर लगेच फुटली असती. तेव्हा माझा सल्ला: कोड खुशाल त्याला लिहू द्या, टेस्टमधले आकडे मात्र तुम्ही निवडा. शून्य, वजा रक्कम, ९९,९९९, एक लाख, एक कोटी. आणि टॅब दाबायच्या आधी उत्तर कागदावर लिहून ठेवा. वेग जातो म्हणून सीनियर कुरकुरले तर त्यांना ही गोष्ट सांगा.

टेस्टरीण

चला, शेवटी कुणीतरी टेस्टचं नाव काढलं. क्यूएवाल्यांना या धाग्यात खुर्ची आहे ना?

मला डेव्हलपरच्या वाढीची एक खूण दिसते: तो बग परत पाठवताना काय लिहितो. "माझ्या मशीनवर चालतंय" म्हणून परत पाठवणारे वर्षानुवर्षं तिथेच असतात.

एक किस्सा. खातेदारांची नावं मराठीत एका फिक्स्ड विड्थ (प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेल्या) फाइलमधून दुसऱ्या सिस्टिमला जायची. नावासाठी २० बाइट. टेस्ट डेटा सगळा इंग्रजी नावांचा, एका अक्षराला एक बाइट, सगळं सुरळीत. मी "ज्ञानेश्वर" टाकलं. पलीकडे काय पोचलं? "ज्ञाने" आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा अशी सहा चिन्हं म्हणजे १८ बाइट, आणि मग "श" चे पहिले दोन बाइट घेऊन कात्री चालली.

पहिल्या डेव्हलपरने बग बंद केला, शेरा: "इनपुट डेटा इश्यू". ज्ञानेश्वर हा इनपुट डेटा इश्यू! महाराष्ट्रात!! दुसऱ्याकडे गेला तेव्हा त्याने आधी मला बोलावलं, जोडाक्षरं कशी साठवली जातात ते आम्ही दोघांनी हेक्समध्ये उघडून बघितलं, आणि मग पलीकडच्या टीमशी बोलून फाइलचा फॉरमॅटच बदलून घेतला. वेळ लागला. त्याचं अप्रेझल काही खास झालं नाही त्या वर्षी, हेही सांगून टाकते.

खोडरबर

माउलींना "इनपुट डेटा इश्यू" म्हणणाऱ्याला आळंदीला चालत न्या.

सेमीकोलन

टेस्टरीणताईंच्या शेवटच्या वाक्यावर कुणीच काही बोललं नाही. तेच तर म्हणतोय मी. चांगलं काम करणाऱ्याचं अप्रेझल "खास झालं नाही". बेल कर्व्हमध्ये हेक्स उघडून बघणाऱ्याला रकाना नाही. मग कारागिरी कशासाठी करायची?

उंबरठा

एरवी वाचनमात्र असतो. मी इंटरव्ह्यू घेतो, सीनियर पदांसाठी, म्हणून लिहितो.

@सेमीकोलन, झाडं उलटी करायला आमच्याकडेही लावतात, पहिल्या फेरीत. मी दुसऱ्या फेरीत एकच गोष्ट विचारतो: ज्या बगचं कारण शोधायला सगळ्यात जास्त त्रास झाला तो सांगा. शून्यापासून बांधणारे बरेच जण इथे अडखळतात. "असं काही फार नव्हतं सर." मेंटेनन्सवाला जरा मोकळा झाला की अर्धा तास बोलतो, आणि त्या अर्ध्या तासात मला कळतं की हा अंदाज कसा बांधतो, तो चुकला की काय करतो, लॉग वाचतो की नुसता रीस्टार्ट मारतो.

अडचण अशी की हे रेझ्युमेत दिसतच नाही. तिथे लिहिलेलं असतं: "मेंटेनन्स आणि सपोर्टची जबाबदारी सांभाळली." यावरून मी काय ओळखायचं? वरचं पावतीचं प्रकरण दोन ओळींत लिहा. वर्षाच्या शेवटी चुकणाऱ्या तारखांचं मूळ कारण शोधलं, रिपोर्टिंगमधली न कळलेली चूकही त्यातून निघाली, पुन्हा होऊ नये म्हणून चाचणी लिहिली. असा रेझ्युमे माझ्याकडे आला तर मी स्ट्रट्स बघून पान उलटणार नाही.

अप्रेझलचं मात्र तुमचं खरंच आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. लोक सोडून जातात ते त्यामुळेच.

शेअरखोर

कोड काढून टाकण्याबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या मते मेंटेनन्समधलं सगळ्यात अवघड काम ते.

नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर ट्रेडिंग कंपनीचं प्रकरण ट्रेडिंगवाल्यांना तोंडपाठ असतं. १ ऑगस्ट २०१२, न्यूयॉर्कचा शेअर बाजार. त्यांच्या ऑर्डर पाठवणाऱ्या सिस्टिममध्ये पॉवर पेग नावाचा जुना भाग होता. २००३ पासून वापर बंद, पण कोड तसाच पडून. नव्या कामासाठी जुनाच फ्लॅग (चालू-बंदची खूण) पुन्हा वापरला. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, सातांवर पडला, आठव्यावर राहिला. बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, आणि आठव्या सर्व्हरवर मेलेला पॉवर पेग उठून ऑर्डरी फेकायला लागला. घाईत त्यांनी काय केलं, तर उरलेल्या सातांवरून नवा कोड काढला. म्हणजे आठही सर्व्हर जुन्यावर! पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून जास्त नुकसान.

बाजार उघडायच्या आधीच सिस्टिमने ९७ ईमेल पाठवले होते, त्यांत पॉवर पेगचा उल्लेखही होता. पण ते अलर्ट म्हणून बघायचे असं कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

तात्पर्य वगैरे सोडा. आपापल्या रेपोत "नंतर काढू" अशी कॉमेंट शोधा आणि तारीख बघा.

खोडरबर

शोधली. सांगणार नाही.

पायवाट_सोलापूर

नानांचं २०३८ वाचून सहज आमचा स्कीमा (डेटाबेसची रचना) उघडला. लहान फायनान्स कंपनी, गृहकर्जं देते, मायएसक्यूएल. कर्जाच्या शेवटच्या हप्त्याच्या तारखेचा कॉलम टाइमस्टॅम्प निघाला, म्हणजे २०३८ ची मर्यादा असलेला प्रकार. वीस वर्षांचं कर्ज २०१८ च्या फेब्रुवारीत दिलं असेल तरी शेवटचा हप्ता मर्यादेपलीकडे जातो! मग आजवर बोंब कशी झाली नाही? बघितलं तर स्ट्रिक्ट मोड (चुकीची किंमत नाकारणारं सेटिंग) बंद, आणि त्या कॉलममध्ये सगळे शून्य. स्क्रीनवर तारीख महिने मोजून दाखवली जाते, त्यामुळे कुणालाच कळलेलं नाही.

आता काय करू? कॉलम थेट डेट करून टाकू का? टेबल मोठं आहे आणि दिवसभर चालू असतं.

नाना_सिप्झ

थेट काही करू नकोस. आधी तो कॉलम वाचतंय कोण ते काढ. स्क्रीन वाचत नाही म्हणतोस, पण महिनाअखेरचे रिपोर्ट, ऑडिटची फाइल, क्रेडिट ब्युरोला जाणारी फाइल? कुठेतरी शून्य बघून "कर्ज संपलं" असं समजणारा कोड असू शकतो. तो आधी शोध.

मग शेजारी नवा कॉलम घे, डेट प्रकारचा. मंजुरीची तारीख आणि हप्त्यांची संख्या यांवरून तो भरून काढ, रात्री, थोडा थोडा. पण मुदत वाढवलेली, मध्येच काही भरलेली कर्जं वेगळी काढ, त्यांचं गणित असं सरळ नसतं. काही कर्जांच्या फाइली हातात घेऊन ताळा कर. स्ट्रिक्ट मोड आत्ता लगेच चालू करू नकोस, नवी कर्जं अडकतील. आणि तो कुणी, कधी, कशासाठी बंद केला होता ते गिटमध्ये सापडतं का बघ.

पायवाट_सोलापूर

क्रेडिट ब्युरोची फाइल तोच कॉलम वाचतेय. नाना, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.